खानेसुमारीत आपली पणजी कुठे सापडेल?



गेल्या वर्षी माझी नात सातवीत होती. इथे इस्राएलमध्ये सातवीच्या मुलांना 'शोराशीम'ची वही करावी लागते, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. आपली मुळे कुठली, आजी-आजोबा कुठून आले, त्यांचे आई-वडील कोण, सगळे लिहून, फोटो चिकटवून शाळेत द्यायचे. तिच्या वर्गातल्या एका मुलीचे आजोळ इंग्लंडचे. तिने १९११ सालच्या खानेसुमारीचा कागद छापून आणला होता. त्यावर तिच्या खापरपणजोबांचे नाव, त्यांच्या बायकोचे नाव, मुलांची वये, धंदा, घरात किती खोल्या, सगळे त्यांच्याच हस्ताक्षरात! माझी नात घरी येऊन म्हणाली, "आजी, इंग्रजांनी इंडियातही खानेसुमारी केली होती ना? मग आपलाही कागद असेल. शोधून दे."

मी म्हटले, देते. तीन संध्याकाळी बसले. मी काही इतिहासकार नाही, नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई आहे. पण चाळीस वर्षे चार्ट वाचण्यात गेली, त्यामुळे आकड्यांना भीत नाही. जे हाती लागले आणि जे लागले नाही, ते दोन्ही लिहिते. तुमच्या घरातही कोणी हा शोध घेत असेल तर तीन संध्याकाळी वाचतील.

पहिली गोष्ट कडू आहे, ती आधी सांगून टाकते. हिंदुस्थानातल्या जुन्या खानेसुमारीत तुमच्या पूर्वजांचे नाव सापडणार नाही. नाव लिहिले गेले होते, पण तो कागदच उरला नाही.

काम कसे चाले ते पाहा. साऱ्या देशात एकाच रात्री झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. त्याआधी १८७२ ची झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी नव्हती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी मोजणी होत राहिली. १९०१ ची १ मार्चला, १९११ ची १० मार्चला, १९२१ ची १८ मार्चला, १९३१ ची २६ फेब्रुवारीला. आधी घरांवर नंबर टाकत. मग गणना करणारा, म्हणजे बहुधा तलाठी, शाळामास्तर नाहीतर गावातला लिहिता-वाचता माणूस, घरोघर जाऊन तक्ता भरून ठेवी. ठरलेल्या रात्री तो पुन्हा फिरे. कोणी मेले असेल तर खोडायचे, कोणी जन्मले किंवा पाहुणे आले असेल तर वाढवायचे.

तक्त्यात नाव, धर्म, जात, वय, लग्न झालेले की नाही, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, लिहिता-वाचता येते का, असे रकाने होते. शेवटी आंधळा, मुका-बहिरा, वेडा किंवा महारोगी असल्यास ते. पुढे हे तक्ते कचेरीत जात, त्यांवरून बेरजा होत. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एकेक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या खणांत टाकून मोजत. बेरजा छापल्या की तक्ते आणि चिठ्ठ्या यांचे काम संपले. ते ठेवायला जागाही नव्हती आणि सरकारला गरजही नव्हती. ते नष्ट केले. इंग्लंडमध्ये कागद जपले, आपल्याकडे फक्त बेरजा जपल्या.

नर्स बायांना हे लगेच कळेल. रात्रपाळीत बारा वाजता आपण वॉर्डाचा सेन्सस लिहायचो. काल किती पेशंट होते, आज किती आले, किती घरी गेले, किती वारले, आता किती. त्या वहीत नाव एकाचेही नसते. नाव केसपेपरवर असते. तसेच हे. हिंदुस्थान सरकारची सेन्ससची वही आपल्याला मिळते, केसपेपर मिळत नाहीत.

स्वातंत्र्यानंतरचे तरी मिळेल का? तेही नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणे घरोघरचे कागद कोणालाही पाहता येत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. तेव्हा १९५१ किंवा १९६१ च्या जनगणनेत माझ्या आईचे नाव दाखवा, असा अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मी चष्मा काढून ठेवला. नाव लिहिण्याच्या रकान्यासाठी जी सूचना होती तिच्यात म्हटले होते की घरातल्या बाईचे नाव सांगायला कोणी हरकत घेतली तर नुसते 'स्त्री' असे लिहावे. म्हणजे ते कागद आज असते तरी तुमची-माझी पणजी तिथे नावाने भेटली असतीच असे नाही.

हे मला का लागले, ते सांगते. माझी आत्या पन्नासच्या दशकात इथे आली, बीरशेबाला राहिली. १९६३ साली तिचे लग्न ठरले. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने सूचना काढल्या होत्या की बेने इस्राएल मुला-मुलीचे दुसऱ्या ज्यू समाजात लग्न लावण्याआधी त्यांची आई, आईची आई, असे जमेल तितके मागे जाऊन चौकशी करावी. आत्याचा होणारा नवरा दुसऱ्या समाजातला. कचेरीत तिला विचारले, तुझ्या आईचे नाव काय? तिने सांगितले. आईच्या आईचे? आत्याला ठाऊक नव्हते. घरात सगळे तिला 'अष्टमीची आई' म्हणत, रोह्याजवळच्या अष्टमीची म्हणून. माझे आजी-आजोबा दोघेही तोवर वारले होते. माझ्या वडिलांना पत्र गेले, त्यांनाही माहीत नव्हते. शेवटी दोन वयस्क ओळखीच्या माणसांनी साक्ष दिली. लग्न आठ महिने लांबले. ऑगस्ट १९६४ मध्ये, आपल्या लोकांनी जेरुसालेमला ठाण मांडल्यानंतर, क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत. तोवर आत्याचे लग्न होऊन गेले होते. पण 'तुझ्या आजीचे नाव तुला माहीत नाही?' हा प्रश्न ती विसरली नाही.

म्हणून मी खानेसुमारीकडे आशेने गेले होते. नाव मिळाले नाही. तरी पुस्तके बंद केली नाहीत हे बरे झाले, कारण त्यांतून दुसरे काही मिळाले.

आकड्यांतून काय कळते

खानेसुमारीचे छापील अहवाल आणि तक्ते आज घरबसल्या पाहता येतात. भारताच्या जनगणना खात्याने जुने खंड संगणकावर ठेवले आहेत. आपल्याला मुंबई इलाख्याचे आणि मुंबई शहराचे खंड लागतात. ते उघडण्याआधी चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, 'कुलाबा' म्हणजे मुंबईचा कुलाबा नव्हे. अलिबागच्या किल्ल्यावरून जिल्ह्याला कुलाबा नाव होते. १९८१ साली त्याचे रायगड झाले. पेणकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर यांनी कुलाबा जिल्हा पाहावा.

दोन, सगळे कोकण एका ठिकाणी सापडत नाही. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर हा मुलूख जंजिऱ्याच्या नवाबाचा, त्याचे आकडे जंजिरा संस्थानात. १८८१ ला पनवेल ठाणे जिल्ह्यात होते. कराची आणि एडन तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत, त्यामुळे तिकडे नोकरीला गेलेल्यांचे आकडेही मुंबईच्याच खंडांत शोधा.

तीन, धर्माच्या रकान्यात आपण 'ज्यू' आहोत. कोकणातल्या खेड्यात ज्यू म्हणजे जवळजवळ सगळे आपलेच, शनवार तेली. पण मुंबई शहरात त्या आकड्यात बगदादी ज्यूही आहेत. शहराचा आकडा उचलून 'एवढे बेने इस्राएल होते' असे लिहू नका.

चार, वयांवर विश्वास ठेवू नका. अहवाल लिहिणारे साहेबच तक्रार करतात की लोक वये तीस, पस्तीस, चाळीस अशी गोल सांगतात. मला हसू आले. मुंबईत वॉर्डमध्ये असताना एखाद्या म्हातारीला वय विचारले की ती म्हणे, "लिवा पन्नास-साठ." ती काही खोटे बोलत नव्हती, तिने कधी मोजलेच नव्हते.

आता माझ्या घरचे उदाहरण देते. आम्ही पेणकर. पण माझ्या आजोबांच्या आधी दोन पिढ्या मुंबईत, इस्राएल मोहल्ल्यात, जुन्या मशिदीपाशी राहिल्या होत्या. ती जुनी मशीद म्हणजे सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेली शाआर हाराहमीम. असे असताना आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १८९७, जन्मस्थान पेण! घरात सांगत की पणजोबांचा मुंबईतला धंदा बुडाला म्हणून ते गावी परतले. त्यावरून भावाभावांत टोमणेही चालत.

मी मुंबई शहराचे आकडे एकाखाली एक लिहिले. १८६४ मध्ये शहराची वस्ती ८,१६,५६२. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, माणसे लोटत होती. युद्ध संपले, भाव कोसळले. १८७२ ला वस्ती ६,४४,४०५. पुढे गिरण्या वाढल्या, १८९१ ला ८,२१,७६४. आणि १९०१ ला? ७,७६,००६. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटली.

का घटली ते कोणत्याही नर्सला विचारा. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईतली प्लेगची पहिली केस ओळखली, ती मांडवीत. मांडवी म्हणजे आपल्या मोहल्ल्याचा शेजार. त्या हिवाळ्यात लाखो माणसे शहर सोडून गावी पळाली. १९०१ च्या मार्चमध्येही प्लेग होता. माझे आजोबा १८९७ च्या सुरुवातीला पेणला जन्मले. म्हणजे पणजी पोटुशी असताना ते मांडवीपासून निघून पेणला गेले. धंदा बुडाला असेलही, पण मोहल्ल्यात उंदीर पडत असताना दिवस गेलेल्या बायकोला घेऊन जो माणूस गावी जातो, त्याला मी तरी नालायक म्हणणार नाही. माझ्या चुलतभावाला हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मग आपण इतकी वर्षे उगाच बोलत होतो."

खात्रीने सिद्ध झाले असे मी म्हणत नाही. आकडा कारण सांगत नाही, तो फक्त प्रश्न नीट विचारायला शिकवतो. पण घरातली आठवण, दाखल्यावरचे साल आणि शहराचा आकडा ही तीन एकमेकांशेजारी ठेवली की गोष्टीला अंग येते. आकड्यांच्या जोडीला 'बॉम्बे गॅझेटियर'चा कुलाबा आणि जंजिऱ्याचा खंडही वाचा, १८८३ चा आहे. त्यात आपल्या लोकांवर स्वतंत्र मजकूर आहे. हाईम सॅम्युएल किहीमकरांचा इतिहास तर घरात हवाच. त्यांनी तो १८९७ साली लिहून पुरा केला, छापला गेला मात्र १९३७ मध्ये, तेल अवीवला.

मग नाव कुठे मिळणार?

नाव आपल्याच कागदांत मिळेल. थडग्यांवरचे दगड, मशिदीच्या वह्या, मुंबईच्या इस्राएली शाळेचे दाखले (तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली), पलटणीतल्या पेन्शनीचे कागद, केतुबा. जुने कागद मोडीत असतील तर फेकू नका, मोडी वाचणारी माणसे आजही आहेत. नावे बदललेली असतील हेही लक्षात घ्या. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. एकच माणूस दगडावर एका नावाने आणि पेन्शनीत दुसऱ्या नावाने असू शकतो. इथे आल्यावर हिब्रूत आडनाव लिहिताना स्वर गळले, आणि एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे दोन तऱ्हांनी वाचली जाऊ लागली, हे तर आपण रोज पाहतो.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी थोडे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी कागद खुले होतात. १९२१ ची खानेसुमारी जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची तिथल्या आगीत जळली आणि युद्धामुळे १९४१ ची झालीच नाही. पण सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली नोंदवही आहे. अमेरिकेत ७२ वर्षांनी कागद उघडतात. १९५० सालचे एप्रिल २०२२ मध्ये उघडले. आपली बहुतेक कुटुंबे त्यानंतर गेली, पण एखादा काका बोटीवरून लवकर उतरला असेल तर पाहा. इस्राएलची पहिली मोजणी ८ नोव्हेंबर १९४८ ला संध्याकाळी पाच ते मध्यरात्रीपर्यंत संचारबंदी लावून झाली. आपले लोक यायला लागले ते त्यानंतर. म्हणून आपल्यासाठी आई-वडिलांचे ओले म्हणून मिळालेले दाखले जास्त मोलाचे.

पण पाहा, यांतही बाईची बाजू लंगडीच. केतुबावर नवरीचे नाव असते, तिच्या बापाचे असते, आईचे नसते. दगडावरही बहुधा तसेच. मग अष्टमीच्या आईचे नाव मला कुठे मिळाले?

नातीच्या वहीसाठी फोटो शोधताना मी आईची पत्र्याची ट्रंक उघडली. तिच्यात आजीचे तेफिलाचे पुस्तक होते, मुंबईहून आमच्याबरोबर आलेले, पुठ्ठा सुटलेला. शेवटच्या कोऱ्या पानावर बाळबोध अक्षरात पाच-सहा नावांची यादी होती आणि वर १९१८. प्रत्येक नावापुढे 'बेन' किंवा 'बात', आणि त्यापुढे बाईचे नाव. बापाचे एकही नाही.

मी नर्स नसते तर कदाचित कळले नसते. इथल्या हॉस्पिटलात पेशंटच्या खाटेशी रोज ऐकलेले, "आईचे नाव काय? प्रार्थनेत घ्यायचे आहे." आजारी माणसासाठी दुवा मागताना त्याला आईच्या नावाने ओळखतात. आणि १९१८ म्हणजे इन्फ्लुएन्झाचे साल. त्या साथीने इतकी माणसे नेली की १९११ ते १९२१ या दहा वर्षांत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या किंचित घटली. ती यादी आजाऱ्यांची होती. तिच्यात आजीच्या धाकट्या भावाचे नाव होते, आणि त्यापुढे त्याच्या आईचे. ती अष्टमीची आई. दुसऱ्या ओळीत आजीचे स्वतःचे नाव, पुढे तेच आईचे नाव. म्हणजे चूक व्हायला जागा नाही.

आत्याला फोन केला. तिचे वय आता ऐंशीच्या वर. नाव वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले. तिने ते दोनदा स्वतःशी म्हटले आणि विचारले, "हे त्या कचेरीत आता कोणाला सांगायचे?" मी म्हटले, "आत्या, कचेरीला नको, आपल्या पोरींना सांग."

नातीच्या वहीत ते नाव आईच्या ओळीत सगळ्यात वर आहे. त्याखाली तिने १९०१ च्या मुंबईचा आकडा लिहिला आहे, कारण तिला तो आवडला. या वर्षी माझ्या धाकट्या लेकीला मुलगी झाली, तिलाही तेच नाव ठेवले. म्हणून ते इथे लिहीत नाही. ते आता त्या बाळाचे आहे.

तुम्हाला एक काम सांगते. आज रात्री कागद घ्या. आपले नाव लिहा, मग आईचे, तिच्या आईचे, तिच्या आईचे. जिथे लेखणी थांबेल तिथे घरातल्या सर्वांत वयस्क बाईला फोन करा, उद्यावर टाकू नका. मी वॉर्डात फार 'उद्या' पाहिले आहेत. आणि जुनी तेफिलाची पुस्तके कोणाला देऊन टाकण्याआधी शेवटचे पान उलटून पाहा.

शालोम.